घरच्या व्हिनाइलकामासाठी हीट प्रेस कशी निवडावी?

हीट ट्रान्सफर व्हिनाइल म्हणजे नक्षी कापून कापडावर उष्णतेने चिकटवायचे पातळ रंगीत प्लास्टिक. ते कापडाला शिवले जात नाही आणि रंगासारखे धाग्यांत मुरतही नाही. त्याच्या पाठीवर गोंदाचा पातळ थर असतो. तो उष्णतेने वितळतो, दाबामुळे विणीच्या फटींत शिरतो आणि थंड होताना तेथेच घट्ट बसतो. टी-शर्टावरचे नाव वर्षानुवर्षे टिकणार की थोड्याच धुण्यांत त्याचा कोपरा सुटणार, हे त्या काही सेकंदांत ठरते. ज्या साधनावर हे सेकंद अवलंबून असतात ते साधन, म्हणजे तापलेल्या सपाट प्लेटने दाबणारी हीट प्रेस, विकत घेताना मात्र बहुतेकांचे लक्ष कमाल तापमानाच्या आकड्याकडे जाते, कारण खोक्यावर तोच सर्वांत ठळक छापलेला असतो. व्हिनाइलला लागणारे तापमान जवळजवळ प्रत्येक हीट प्रेस गाठू शकते. खरा फरक दोन गोष्टींत असतो: प्लेटच्या सर्व भागांत ते तापमान सारखे आहे का, आणि वितळलेला गोंद विणीत शिरेल इतका दाब ते साधन सगळीकडे देऊ शकते का. निवड या दोन प्रश्नांवरच करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच अनुषंगाने मांडल्या आहेत.

आधी उष्णता, वेळ आणि दाब यांचे नाते

प्रत्येक व्हिनाइलसोबत त्याचे तापमान, वेळ आणि दाब दिलेला असतो. सायझर कंपनीच्या ईझीवीड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साध्या व्हिनाइलसाठी 305 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 150 अंश सेल्सिअस तापमान, 10 ते 15 सेकंद वेळ आणि मध्यम दाब सांगितलेला आहे. क्रिकटच्या एव्हरीडे आयर्न-ऑनसाठी त्याच कंपनीची हँड प्रेस सुती कापडावर वापरताना 315 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 157 अंश सेल्सिअस, 30 सेकंद आणि त्यानंतर कापड उलटून आणखी 15 सेकंद अशी सूचना असते. ही दोन व्हिनाइल वेगळी असल्यामुळे वेळेतील सगळा फरक साधनामुळेच पडतो असे म्हणता येणार नाही. तरीही हाताने दाबायच्या साधनाला जास्त वेळ द्यावा लागतो, हे यातून दिसते. दाब कमी असेल तर वेळ वाढवून काही प्रमाणात भरपाई होते. तापमान कमी असेल आणि गोंद वितळतच नसेल, तर मात्र कितीही वेळ दाबून धरले तरी उपयोग नसतो. उलट तापमान फार वाढवले तर व्हिनाइल आकसते, गोंद कडेने बाहेर झिरपतो आणि कापड पिवळे पडते.

ग्लिटर किंवा मखमली पोताचे व्हिनाइल जाड असल्यामुळे उष्णतेला गोंदापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून त्याला साधारण 160 अंश सेल्सिअस आणि अधिक दाब लागतो. पॉलिएस्टरच्या कापडावर तेवढी उष्णता चमकदार डाग पाडते आणि काही वेळा कापडाचा रंग व्हिनाइलमध्ये चढतो. तेथे कमी तापमानावर चिकटणारे व्हिनाइल घ्यावे लागते. नायलॉन आणि पाणीरोधक लेप असलेले कापड हे तर वेगळेच प्रकरण आहे: त्यांच्यासाठी खास गोंदाचे व्हिनाइल लागते आणि कोणतीही महागडी प्रेस त्याची उणीव भरून काढत नाही.

पहिली पायरी: काय बनवणार याची यादी

मशीन पाहण्याआधी येत्या काही महिन्यांत प्रत्यक्ष करायच्या वस्तू कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी नोंदवाव्यात: नक्षीची जास्तीत जास्त लांबी-रुंदी, वस्तूची जाडी, कापडाचा प्रकार आणि एका बैठकीत होणारे नग. ही यादी प्रामाणिक असावी. वर्षातून दोन टोप्या करायच्या असतील तर त्या दोन टोप्यांसाठी टोपीची वेगळी प्लेट घेण्याची गरज नसते. लहान मुलांचे कपडे, रुमाल आणि कापडी पिशव्या हेच नेहमीचे काम असेल तर मोठ्या प्रेसचा बराचसा भाग रिकामाच तापत राहतो.

नक्षीची रुंदी लिहिताना व्हिनाइलमधून नक्षी कापणाऱ्या कटिंग मशीनची मर्यादाही लक्षात घ्यावी. घरगुती कटिंग मशीनमध्ये बहुधा 30 सेंटिमीटर रुंदीचे व्हिनाइल जाते, त्यामुळे एकसंध तुकड्याची नक्षी त्याहून रुंद होत नाही. प्रौढांच्या टी-शर्टावरची छातीभर नक्षी साधारण 25 ते 28 सेंटिमीटर रुंद असते, खिशाजवळचे चिन्ह 8 ते 10 सेंटिमीटरचे असते, आणि लहान मुलांच्या कपड्यांवर 15 ते 18 सेंटिमीटरपुढे जाण्याची वेळ क्वचितच येते.

जाडीची नोंद बहुतेक जण करत नाहीत. शिवणी, खिसे, चेन, बटणे, कॉलर आणि जाड हुडी यांमुळे पृष्ठभाग वरखाली होतो. प्लेट उंच भागावर टेकते आणि सखल भागाला दाब मिळत नाही. यादीत अशा वस्तू किती आहेत यावरून साधनाचा प्रकार बराचसा ठरतो.

दुसरी पायरी: साधनाचा प्रकार ठरवणे

घरची साधी इस्त्री सर्वांच्या मनात पहिली येते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. इस्त्रीवरील एक, दोन आणि तीन ठिपके अनुक्रमे सुमारे 110, 150 आणि 200 अंश सेल्सिअसच्या मर्यादा दाखवतात, म्हणजे व्हिनाइलचे तापमान तिच्या आवाक्यात असते. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. तिचा थर्मोस्टॅट तापमान बरेच खालीवर होऊ देतो, टोक आणि कडा मधल्या भागाइतक्या तापत नाहीत, वाफेच्या छिद्रांखाली प्लेटचा स्पर्शच होत नाही आणि नक्षी मोठी असली की इस्त्री उचलून पुढे ठेवताना मधले पट्टे अर्धवट राहतात. एखादे छोटे नाव किंवा चिन्ह इस्त्रीने नक्कीच नीट लागते. त्यासाठी वाफ बंद करावी, इस्त्री सरकवू नये, एका जागी दाबून धरावी आणि पुढची जागा आधीच्या जागेवर थोडी चढेल अशी घ्यावी. हे काम आवडते का, एवढेच अजून पाहायचे असेल तर नवीन साधन घेण्याची घाई करू नये.

छोटी मिनी प्रेस ही बोटभर जागेत जाणारी हलकी तापपट्टी असते. बूट, बाहुल्या, टोपीची पुढची बाजू, शिवणींमधली अरुंद जागा आणि सुटलेला कोपरा पुन्हा बसवणे यांसाठी ती फार उपयोगाची आहे. मुख्य साधन म्हणून ती घेऊ नये. दुसरे साधन म्हणून ती अनेकांना आवडते, आणि ते योग्यच आहे.

हँड प्रेस म्हणजे वर मूठ असलेली, चौकोनी, सपाट तापणारी प्लेट. तिच्यावर तापमान आणि वेळ आकड्यांत ठरवता येते, प्लेटला छिद्रे नसतात, ती काही मिनिटांत तापते आणि काम झाल्यावर कपाटात ठेवता येते. घरात कायमची जागा नसलेल्या, महिन्यातून काही नग करणाऱ्या व्यक्तीसाठी ही बहुधा योग्य निवड ठरते. तिची मर्यादा एकच, पण ती महत्त्वाची आहे: दाब आपल्या खांद्यांतून येतो, त्यामुळे तो दर वेळी वेगळा असतो आणि दहाव्या नगाला पहिल्याइतका राहत नाही.

क्लॅमशेल प्रेसमध्ये खाली स्थिर पाट आणि वर तापणारी प्लेट असते. दोन्ही मागच्या बिजागरीवर जोडलेल्या असतात आणि दांडा खाली ओढला की वरची प्लेट शिंपल्यासारखी मिटते. दाब एका चाकाने ठरवता येतो आणि तो प्रत्येक नगाला तसाच मिळतो. एकसारखे कपडे बरेच करायचे असतील तर याच्यासारखे साधन नाही. मात्र प्लेट कोनात मिटत असल्यामुळे जाड वस्तूची मागची बाजू आधी दबते आणि पुढची सैल राहते. शिवाय उघडलेली तप्त प्लेट हातांच्या वरच असते. कपडा सरळ करताना मनगट भाजण्याचा धोका खरा आहे.

स्विंग-अवे प्रकारात वरची प्लेट सरळ खाली येते आणि उघडल्यावर बाजूला फिरते. म्हणून जाड हुडी, लाकडी फळी किंवा फरशीचा तुकडा यांवर तिचा दाब अधिक सारखा पडतो आणि कपडा मांडताना वर काही तप्त नसते. याची किंमत जागेत मोजावी लागते, कारण प्लेट फिरण्यासाठी बाजूला जवळजवळ प्लेटच्या रुंदीइतकी मोकळी जागा लागते आणि मशीन जड असते. ड्रॉवर प्रकारात खालचा पाट पुढे ओढून घेता येतो. भाजण्याचा धोका त्यातही कमी होतो, पण पाट बाहेर आल्यावर पुढे जागा हवी आणि रुळ घट्ट, न डुगडुगणारे हवेत.

अलीकडे मोटरने स्वतः मिटणाऱ्या आणि वस्तूच्या जाडीनुसार दाब घेणाऱ्या प्रेसही घरगुती आकारात मिळतात. ज्यांच्या खांद्याला किंवा मनगटाला त्रास आहे त्यांनी त्यांचा गांभीर्याने विचार करावा, कारण दांड्याच्या प्रेसला शेवटच्या टप्प्यात चांगलाच जोर लागतो. मात्र किती जाडीपर्यंतची वस्तू आत जाते हे माहितीपत्रकात आवर्जून पाहावे, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार हेही विचारून घ्यावे. साध्या दांड्यापेक्षा मोटर आणि तिचे नियंत्रण दुरुस्त करणे कठीण असते.

टोपी, मग, बशी अशा अनेक जोडण्यांसह येणाऱ्या एकत्रित मशीनबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. मगावर सहसा हे उष्णतेने चिकटणारे व्हिनाइल लावत नाहीत, तेथे सब्लिमेशन करतात, म्हणजे उष्णतेने शाई थेट लेपात मुरवतात. त्या कामाला सुमारे 190 ते 205 अंश सेल्सिअस तापमान, लेप दिलेला मग आणि वेगळी शाई लागते. व्हिनाइलपुरते काम करणाऱ्याने मगाच्या जोडणीसाठी पैसे देणे अनाठायी आहे. सब्लिमेशन खरोखर करायचे असेल तरच कमाल तापमानाच्या आकड्याला अर्थ येतो.

तिसरी पायरी: आकार आणि दाबाचा हिशेब

मोठी प्लेट नेहमीच चांगली, हा समज हँड प्रेसच्या बाबतीत उलटा पडतो. दाब म्हणजे लावलेला जोर भागिले क्षेत्रफळ. समजा एखादी व्यक्ती मुठीवर 20 किलो भार सहज टाकू शकते. सुमारे 22.5 सेंटिमीटर बाजूच्या चौरस प्लेटचे क्षेत्रफळ साधारण 506 चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 40 ग्रॅमच्या आसपास भार आला. तोच जोर 30 बाय 25 सेंटिमीटरच्या प्लेटवर 750 चौरस सेंटिमीटरमध्ये वाटला जातो आणि 27 ग्रॅमपर्यंत उतरतो. मिनी प्रेसची प्लेट 40 चौरस सेंटिमीटरची धरली तर तोच आकडा 500 ग्रॅम होतो. छोट्या चिन्हासाठी मिनी प्रेस इतकी पक्की का चिकटवते आणि मोठ्या हँड प्रेसने कोपरे का सुटतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

यावरून निवडीचा नियम असा निघतो. हँड प्रेस घ्यायची असेल तर यादीतली नेहमीची नक्षी जेमतेम मावेल एवढीच प्लेट घ्यावी, कडेला साधारण एक सेंटिमीटर जास्त धरावी. क्वचित येणारी मोठी नक्षी दोन टप्प्यांत दाबता येते. दांड्याच्या प्रेसमध्ये तरफेमुळे मिळणारा जोर शरीराच्या भारापेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे तेथे मोठी प्लेट परवडते. 38 बाय 38 सेंटिमीटरची प्लेट प्रौढांच्या जवळजवळ सर्व टी-शर्टांना पुरते. लहान मुलांच्या कपड्यांसाठी 23 बाय 30 सेंटिमीटरची प्लेट अधिक सोयीची, कारण लहान कपडा मोठ्या पाटावर चढवताना शिवणी आणि गळपट्टी प्लेटखाली येतात.

कोणाची शरीरयष्टी कशी आहे यावरही हे अवलंबून असते, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. हँड प्रेस वापरणाऱ्याने टेबलाची उंची कमरेच्या थोडी खाली ठेवली तर कोपर सरळ ठेवून शरीराचा भार देता येतो. उंच ओट्यावर तेच साधन केवळ मनगटांच्या बळावर दाबले जाते. प्लेट लहान आणि टेबल बेताच्या उंचीचे असेल, तर मोठी प्लेट आणि उंच ओटा या जोडीपेक्षा काम निश्चितच चांगले होते.

चौथी पायरी: तापमान सारखे आहे का

मशीनवरचा आकडा प्लेटमधल्या एकाच जागी बसवलेल्या सेन्सरचा असतो. कोपऱ्यात काय चालले आहे हे तो सांगत नाही. प्लेटच्या आत तापतारेचे वेटोळे असते; वेटोळी विरळ असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यांत आणि कडांना तापमान घसरते. धातूची प्लेट जाड असली की उष्णता आडवी पसरते आणि फरक कमी होतो. जाड प्लेटचा आणखी एक लाभ आहे: थंड, थोडासा दमट कपडा तिच्यावर आला तरी ती उष्णता राखून असते आणि लवकर पूर्वपदावर येते. पातळ प्लेट आकड्यापर्यंत झटपट पोहोचते, पण सलग पाच-सहा कपडे दाबले की मागे पडते. म्हणून ‘लगेच तापते’ एवढ्याच गुणावर भाळू नये. प्लेटची जाडी, तापतार धातूतच ओतून बसवलेली आहे का आणि विक्रेता तापमानातील फरकाची मर्यादा देतो का, हे तीन प्रश्न विचारावेत.

अंशांचे एकक कोणते आहे, तेही तपासावे. अनेक मशीनवर सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही असतात. फॅरनहाइटवर लावलेले 150 म्हणजे केवळ 65 ते 66 अंश सेल्सिअस. त्या तापमानाला गोंद हलतही नाही, आणि दोष उगाच व्हिनाइलला दिला जातो. फॅरनहाइटमधून 32 वजा करून, 5 ने गुणून 9 ने भागले की सेल्सिअस मिळते.

टायमर, वेळ संपल्यावरचा आवाज आणि काही काळ न वापरल्यास आपोआप बंद होण्याची सोय या तीन गोष्टी असाव्यात. शेवटची सोय हँड प्रेसमध्ये मी अनिवार्य मानतो. याखेरीज असलेले रंगीत पडदे, साठवलेल्या सेटिंगची लांब यादी किंवा फोनशी जोडणी यांवर निर्णय बेतू नये.

पाचवी पायरी: वीज, वजन आणि जागा

माहितीपत्रकातील वॉटला घरातील वीजपुरवठ्याच्या व्होल्टने भागले की किती अँपिअर लागतील ते कळते. 1800 वॉटची प्रेस 230 व्होल्टवर सुमारे 8 अँपिअर घेते आणि 120 व्होल्टवर पूर्ण 15 अँपिअर. दुसऱ्या परिस्थितीत त्याच वाहिनीवर दुसरे तापणारे उपकरण सुरू झाले की फ्यूज उडणारच. परदेशातून मागवलेले मशीन असेल तर व्होल्टेजची खूण पाहिल्याशिवाय प्लग लावू नये. प्रेस थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडावी. बारीक तारेचा एक्स्टेंशन बोर्ड गरम होतो आणि तेथूनच आगीची सुरुवात होऊ शकते.

क्लॅमशेल किंवा स्विंग-अवे मशीन वीस किलोच्या पुढे सहज जाते आणि दांडा ओढताना टेबलही ओढले जाते. टेबल जड, न हलणारे आणि शक्यतो भिंतीला टेकलेले असावे. प्लेट उघडल्यावर वर आणि बाजूला किती जागा लागते हे खरेदीआधी मोजपट्टीने मोजावे. लहान मुले असलेल्या घरात प्रेस त्यांच्या उंचीच्या आवाक्याबाहेर आणि तार टेबलावरून लोंबणार नाही अशी असावी. खोलीत हवा खेळती हवी, कारण तापलेल्या व्हिनाइलचा आणि कापडावरील प्रक्रियेच्या रसायनांचा वास साठून राहतो.

सोबतच्या वस्तू फार नाहीत. हँड प्रेसखाली इस्त्रीचा मऊ, डुगडुगता फळा चालत नाही. तो दाब गिळून टाकतो. भक्कम टेबल आणि त्यावर उष्णता सहन करणारी घट्ट चटई हवी. व्हिनाइल आणि प्लेट यांच्यामध्ये टेफ्लॉन शीट किंवा भट्टीत वापरायचा बेकिंग पेपर ठेवावा. मेणाचा कागद वापरू नये, त्याचे मेण कापडात उतरते. शिवणी आणि चेन असलेल्या कपड्यांसाठी उष्णतारोधक फोमची छोटी उशी घ्यावी. ती कपड्याच्या आत, नक्षीच्या जागेखाली ठेवली की सखल भाग वर उचलला जातो आणि शिवणी कडेने खाली राहतात.

सहावी पायरी: घरी आणल्यावरची तपासणी

परत करण्याची मुदत संपण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. त्यांना एक मोकळी दुपार पुरते.

पहिली चाचणी दाबाची आणि ती थंड मशीनवर करायची असते. दांड्याच्या प्रेसच्या चारही कोपऱ्यांत साध्या कागदाची एकेक पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून प्रेस मिटावी आणि पट्ट्या हळूच ओढून पाहाव्यात. चारही पट्ट्यांना सारखा अडथळा जाणवला पाहिजे. एक पट्टी सहज निघाली आणि बाकीच्या फाटू लागल्या तर प्लेट आणि पाट समांतर नाहीत. काही मशीनमध्ये हे स्क्रूने सुधारता येते. तसे जमत नसेल तर मशीन परत करावे.

दुसरी चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती प्रत्यक्ष कामाचीच परीक्षा घेते. एकाच व्हिनाइलचे नऊ छोटे चौकोन कापावेत आणि जुन्या सुती कापडावर तीन ओळींत असे मांडावेत की ते प्लेटचे चार कोपरे, चार बाजूंचे मध्य आणि केंद्र व्यापतील. कापडावर वरची बाजू कोणती ते लिहून ठेवावे. व्हिनाइलच्या पाकिटावरील तापमानाला, सांगितलेल्या वेळेतील सर्वांत कमी वेळ दाबावे, थंड होऊ द्यावे आणि प्रत्येक चौकोनाचा कोपरा नखाने उचलून पाहावा. जेथे तो उचलला जातो तेथे एकतर प्लेट थंड आहे किंवा दाब कमी आहे. कागदाच्या चाचणीत तो कोपरा ठीक असेल तर दोष उष्णतेचा. हँड प्रेसवर हीच चाचणी प्लेट अर्धा फेरा फिरवून पुन्हा करावी: कमजोर जागा प्लेटबरोबर फिरली तर प्लेट सदोष, तिथेच राहिली तर टेबल किंवा आपला हात एका बाजूला झुकत आहे.

तिसरी चाचणी तापमान मोजण्याची. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत धातूवर मोजलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी येतो, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. गडद लेपाच्या प्लेटवर तो बराच जवळचा येतो. स्पर्शाने मोजणारे साधन किंवा ठरावीक तापमानाला रंग बदलणाऱ्या पट्ट्या अधिक विश्वासार्ह असतात. दाखवलेल्या आकड्यापेक्षा मशीन दर वेळी ठरावीक अंश कमी किंवा जास्त असेल तर ते चालवून घेता येते, तेवढे अंश वाढवून किंवा घटवून लावायचे. कोपऱ्याकोपऱ्यात पडणारा फरक मात्र कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.

जुने मशीन घेतानाही याच चाचण्या विक्रेत्याकडे, मशीन तापवून कराव्यात. शिवाय तार आणि प्लगजवळ जळल्याच्या खुणा, प्लेटवरील खोल चरे आणि खालच्या पाटावरील दबलेला, कडक झालेला फोम पाहावा. फोम बदलता येतो. प्लेटचे चरे प्रत्येक कपड्यावर उमटत राहतात.

सातवी पायरी: पहिला कपडा

कपडा धुऊन वाळवलेला असावा आणि कापड मऊ करणारे द्रव त्याला लावलेले नसावे. नक्षी उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी कापावी, व्हिनाइलची चकचकीत कॅरिअर शीट, म्हणजे नक्षी धरून ठेवणारा आणि शेवटी काढून टाकायचा प्लास्टिकचा थर, कटिंग मॅटच्या बाजूला ठेवावी आणि नको असलेले भाग काढून टाकावेत. प्रेस पूर्ण तापल्यावर आकडा दिसल्याबरोबर काम सुरू न करता आणखी काही मिनिटे थांबावे, म्हणजे कडाही मध्याच्या बरोबरीने तापतात. मग रिकामा कपडा 3 ते 5 सेकंद दाबावा. यात सुरकुत्या तर जातातच, पण कापडातील ओलावा निघून जाणे हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण वाफ गोंद आणि धाग्यांच्या मध्ये येते.

नक्षी मांडून, वर टेफ्लॉन शीट ठेवून, पाकिटावरील वेळेप्रमाणे दाबावे. हँड प्रेस या वेळात हलवू नये. कॅरिअर शीट गरम असताना काढायची की थंड झाल्यावर, हे व्हिनाइलप्रमाणे बदलते आणि या सूचनेत सवलत नसते. शीट तिरकी, सपाट कोनात आणि सावकाश ओढावी. कुठे व्हिनाइल तिच्यासोबत उचलले जात असेल तर तेथेच थांबून, शीट परत खाली ठेवून पुन्हा काही सेकंद दाबावे. शेवटी टेफ्लॉन शीट ठेवून किंवा कपडा उलटा करून एकदा हलके दाबले की गोंद विणीत खोलवर जातो. व्हिनाइलच्या पृष्ठभागावर कापडाची वीण अंधुकपणे उमटलेली दिसली की काम नीट झाले असे समजावे.

निकाल बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळ्या कडा सारख्याच सुटत असतील तर आधी दाब, मग वेळ वाढवावी, तापमान शेवटी. नेहमी एकच कोपरा सुटत असेल तर नऊ चौकोनांची चाचणी पुन्हा करावी. कडेने गोंद बाहेर आला, व्हिनाइल आकसले किंवा सुरकुतले तर तापमान 5 ते 10 अंशांनी कमी करावे. कपड्यावर प्लेटची चौकट उमटली असेल तर दाब थोडा सैल करून नक्षीखाली उशी ठेवावी. सुती कापडावरची ही खूण बहुधा पहिल्या धुण्यात जाते, पॉलिएस्टरवरची चमक मात्र जात नाही. म्हणून पॉलिएस्टरचा कपडा दाबण्याआधी त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर रिकामी प्लेट दाबून पाहावी.

जमलेले सेटिंग त्याच व्हिनाइलच्या एका कापडी तुकड्यावर लिहून ठेवावे: कोणते व्हिनाइल, कोणते कापड, किती अंश, किती सेकंद, दाबाच्या चाकाचे किती फेरे. दाबून 24 तास झाल्यावर हा तुकडा उलटा करून, थंड पाण्यात, ब्लीच न वापरता घरच्या इतर कपड्यांबरोबर धुण्यात टाकावा आणि काही धुण्यांनंतर त्याच्या कडा पाहाव्यात. कडा तशाच असतील तर ते सेटिंग इतरांसाठी करायच्या कपड्यांवर वापरायला हरकत नाही.